फुगडीला मास्तर कशाला?

मंडळी, नागपंचमी होऊन गेली तरी माझा राग काही गेला नाही, म्हणून शेवटी लिहायला बसले.

यंदा श्रावणात एका फुगडी स्पर्धेला परीक्षक म्हणून गेले होते. निवृत्त बाईंना नांदगावात अजून एवढा मान मिळतो. हातात गुणपत्रिका दिली: वेशभूषा, एकसारखेपणा, रंगमंचाचा वापर, गाण्याची निवड. आठ-आठ जणींचे गट, एकाच रंगाच्या साड्या, स्पीकरवर गाणं आणि प्रत्येक गिरकी मोजून बसवलेली. तिसऱ्या गटाच्या वेळी लाइट गेली. गाणं थांबलं, तशा आठही जणी एकमेकींचे हात धरून नुसत्या उभ्या राहिल्या. एकीच्याही तोंडून ओळ फुटेना. अहो, फुगडी काय विजेवर चालते?

आमच्या आईची फुगडी मला आठवते. पायाला पाय भिडवायचे, हातांची अढी घालायची, मागे रेलायचं आणि फिरायचं. दोघींची ओढ एकमेकींना तोलून धरते, म्हणून पडायला होत नाही. वेग वाढवायचा की खाली बसून फिरायचं, हे हाताच्या ओढीवरूनच कळायचं. एकीने ओळ टाकायची, दुसरीने ती उलटवायची. नवरा, सासू, कापसाचा भाव, कुणाचीच सुटका नसे. आई म्हणायची, "हात नोको सोडू वो बाई, मंग काय कराचं थे कर." स्वातंत्र्याची याहून नेमकी व्याख्या मला बी.ए.च्या पुस्तकांत सापडली नाही. पंढरीच्या वाटेवर अनोळखी वारकरीसुद्धा फुगडी घालतात. तिथे कोण कुणाला स्टेप्स शिकवतं?

माझी अमेरिकेतली नात स्विंग नाच शिकते. तिने मला लिंडी हॉपचे व्हिडिओ दाखवले. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये १९२६ साली सॅव्हॉय बॉलरूम सुरू झालं. तिथल्या कृष्णवर्णीय तरुणांनी जॅझच्या तालावर हा जोडीचा नाच वाढवला. एक जण वाट सुचवतो, दुसरी त्यात आपलं काही घालते. मध्येच हात सैल करून दोघं आपापलं नाचतात आणि तालावर परत जवळ येतात. "आजी, पुढचं पाऊल आधी ठरलेलं नसतं," नात म्हणाली. मी म्हटलं, "अगं, ही तर आपली फुगडी!" त्याच घराण्यातला जाइव्ह पुढे बॉलरूम स्पर्धांत गेला आणि त्याला अभ्यासक्रम, परीक्षक, गुण सगळं चिकटलं. म्हणजे हा रोग एकट्या नांदगावचा नाही.

कुणी म्हणेल, बाई, तालीम नको का? हवी ना! फ्रँकी मॅनिंग यांनी १९३५ च्या सुमारास जोडीदारणीला पाठीवरून उलटं फिरवण्याची जी करामत केली, तीही आधी सराव करूनच. पण सराव हात पक्का करण्यासाठी असतो, तोंड बंद करण्यासाठी नव्हे.

आता कबुली. हा गुन्हा मीही केला आहे. शाळेत असताना स्नेहसंमेलनासाठी फुगडी बसवत होते. सातवीतल्या एका मुलीने माझ्या घसरत्या चष्म्यावर तिथल्या तिथे ओळ रचून म्हटली. सगळ्या पोरी खदखदून हसल्या. मी तिला "आगाऊ" म्हणून रांगेबाहेर काढलं. त्या दिवशी फुगडी खरी कुणाला येत होती, तर तिलाच. पुन्हा तिने कधी नाव दिलं नाही. परवा लाइट गेल्यावर त्या आठ जणी गप्प उभ्या राहिल्या, तेव्हा मला तीच आठवली. बायकांना गप्प राहायला शिकवणाऱ्यांत माझाही हात आहे.

म्हणून त्या गुणपत्रिकेवर मी पेनाने आणखी एक रकाना आखला: 'ऐन वेळी सुचलेलं'. सगळ्यांना शून्य द्यावं लागलं. आयोजक नाराज झाले. असो. पुढच्या वर्षी बोलावणार नाहीत.

नातेवाइकांना एकच सांगणं. महालक्ष्म्यांना घरी या. स्पीकर लावणार नाही, साड्यांचे रंग ठरवणार नाही. माझे गुडघे गेलेत, पण ओळ टाकायला तोंड शाबूत आहे. उलटवायची तयारी ठेवा. आणि चष्म्यावर टाकलीत तरी चालेल.