गाडी म्हातारी झाली म्हणजे नेमकं काय झालं?

‘रनिंग किती झालंय?’ जुन्या गाडीबद्दल पहिला प्रश्न हाच येतो आणि आकडा ऐकताच निकाल लागतो. लाखाच्या पुढे गेली? मग काढून टाका, आता ती रोज नवं काम काढणार. हा सल्ला ऑफिसातले मित्र देतात, सोसायटीतले काका देतात, सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरचा मुलगाही देतो. यातल्या बहुतेकांनी त्या गाडीचं बॉनेट उघडून पाहिलेलं नसतं.

नुसता आकडा बघून गाडी विकण्याला आपल्याकडे व्यवहारीपणा म्हणतात. माझ्या मते ती हिशेब टाळायची सोपी वाट आहे.

आमच्या घरची गाडी चौदा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे, रनिंग १ लाख ६२ हजार किलोमीटर. मागे तिच्या कामाचं एस्टिमेट आलं ४५ हजारांचं: क्लच, पुढचं सस्पेन्शन, रेडिएटर आणि एसीचा कॉम्प्रेसर. सोबत फुकटचा सल्लाही आला. ‘सर, गाडीची किंमत लाखभर. त्यात अर्धा लाख घालून काय करणार? एक्स्चेंजला द्या, बोनस मिळेल.’

ऐकायला हे तर्कशुद्ध वाटतं, पण यात तुलनाच चुकीची आहे. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाशी ताडून पाहायचा, हे कोणी ठरवलं? मला गाडी विकायची असेल तर बाजारभावाला अर्थ आहे. मला ती चालवायची असेल, तर माझ्यासमोरचा पर्याय नवी गाडी हा आहे. म्हणून दुरुस्तीचा खर्च नव्या गाडीच्या खर्चाशीच ताडायला हवा.

तो हिशेब मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतो. ७ लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज, पाच वर्षं: हप्ता साधारण साडेचौदा हजार, एकूण परतफेड ८ लाख ७२ हजार. पाच वर्षांनी ती गाडी ३ लाखांना विकली जाईल असं धरू. म्हणजे साठ महिन्यांत ५ लाख ७२ हजार गेले, महिन्याला साधारण साडेनऊ हजार. महागडा इन्शुरन्स आणि पार्किंगमध्ये कोणी ओरखडा काढल्यावर होणारा मनस्ताप यात धरलेलाच नाही. आता ४५ हजारांना साडेनऊ हजारांनी भागा. उत्तर पाचच्या आत येतं. दुरुस्तीनंतर जुनी गाडी मोठं काम न काढता पाच महिने चालली, की खर्च वसूल.

आम्ही काम करून घेतलं. त्याला आठ महिने झाले आणि गाडी चालते आहे. एका गाडीवरून नियम सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पण ‘यात पैसे घालणं मूर्खपणा’ असं म्हणणाऱ्यांपैकी एकानेही हा भागाकार केलेला नव्हता.

माझ्या धंद्यात हा मोह रोज दिसतो. जुना कोड समोर आला की नव्या इंजिनिअरची पहिली सूचना ‘सगळं नव्याने लिहू’. नेटस्केपने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आपल्या ब्राउझरचं तेच केलं. ४ नंतर थेट ६ क्रमांकाची आवृत्ती आली, तीही २००० साली. तोवर इंटरनेट एक्स्प्लोररने बाजार खाल्ला होता. जुन्या गोष्टीचे दोष आपल्याला माहीत असतात. नव्या गोष्टीतले अजून भेटायचे असतात, म्हणून ती निर्दोष वाटते.

गाडीची दुखणीही सारखी नसतात. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, बुश, शॉकअब्सॉर्बर, बॅटरी हे झिजण्यासाठीच बनवलेले भाग आहेत. ते झिजले म्हणजे गाडी वापरली गेली, एवढाच अर्थ. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर इंजिन ऑइल जाळतंय. कूलंट सारखं कमी होत असेल आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली, तर हेड गॅस्केट गेल्याची शंका घ्यायची. इंजिनाची तब्येत कळायला कॉम्प्रेशन टेस्ट असते. तिचा खर्च नव्या गाडीच्या एका हप्त्यापुढे किरकोळ आहे. ती न करता ‘इंजिन आता गेलंच समजा’ म्हणणारा निदान करत नाही, भविष्य सांगतो.

काही दुखण्यांपुढे मात्र हात टेकावे लागतात. कोकणातल्या खाऱ्या हवेत गाडीचा तळ सडतो. चॅसिसला किंवा सस्पेन्शन जिथे बसतं त्या पत्र्याला गंज लागून भोकं पडली असतील, तर त्यावर रंग मारून विकूही नका आणि चालवूही नका. ती गाडी भंगारातच गेली पाहिजे, मग रनिंग चाळीस हजार का असेना.

माझ्या विरोधातला सर्वांत बळकट मुद्दा सुरक्षिततेचा आहे आणि तो कॅल्क्युलेटरने सुटत नाही. आपल्याकडे कारना एबीएस एप्रिल २०१९पासून आणि ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या कित्येक स्वस्त गाड्यांमध्ये, आमच्याही, यातलं काहीच नाही. रोज एक्स्प्रेसवेवर शंभरच्या वेगाने जाणाऱ्याने केवळ या कारणासाठी गाडी बदलली, तर मी त्याला अडवणार नाही. आमची गाडी शहरात फिरते. मुंबईला जायचं तर आम्ही शिवनेरीने जातो. गाडी कुठे आणि कोणासाठी चालते, हे पाहून घेतलेला हा निर्णय आहे. रनिंगचा आकडा याबद्दल काहीच सांगत नाही.

दुसरा मुद्दा प्रदूषणाचा. एप्रिल २०२०पासूनच्या बीएस-६ गाड्यांचा धूर जुन्यांपेक्षा स्वच्छ असतो, हे मान्य. पण ‘पर्यावरणासाठी नवी घेतली’ असं म्हणणाऱ्याने थोडं गणित करावं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. वर्षाला ६,००० किलोमीटर चालणारी गाडी लिटरला १५ ऐवजी २० किलोमीटर देऊ लागली, तर वर्षाला १०० लिटर, म्हणजे २३० किलो वाचतात. नवी गाडी घडवतानाच काही टन कार्बन हवेत जातो. चारच टन धरले तरी ते फिटायला सतरा वर्षं लागतील. रोज शंभर किलोमीटर धावणाऱ्या टॅक्सीचं गणित वेगळं येईल. यायलाच हवं.

सरकारलाही वयाचा आकडा आवडतो, कारण तो तपासायला मेहनत लागत नाही. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना पंपावर इंधन न देण्याचा नियम जुलै २०२५मध्ये लागू झाला आणि लोक इतके भडकले की काही दिवसांतच तो थांबवावा लागला. महाराष्ट्रातही ‘पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात’ हा समज घट्ट आहे. प्रत्यक्षात पंधरा वर्षांनी खासगी गाडीची आरटीओत तपासणी होते आणि नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. कारसाठीचं हे शुल्क एप्रिल २०२२मध्ये ६०० वरून ५,००० झालं, वर पर्यावरण कर. ते भरायला माझी ना नाही. पण मग तपासणी खरी करा. धूर मोजा, ब्रेक मोजा, पत्रा ठोकून बघा आणि नापास झाली तर खुशाल रस्त्यावरून काढा. चार वर्षांत तीन लाख किलोमीटर धावलेली टॅक्सी वयाने तरुण ठरते आणि आजोबांनी जपलेली गाडी गुन्हेगार ठरते. या न्यायाने हवा स्वच्छ होत नाही, फक्त शोरूममध्ये गर्दी होते.

राहिला तो न बोलला जाणारा मुद्दा. ‘एवढ्या पॅकेजवर अजून हीच गाडी?’ आयटीतल्या पार्किंगमध्ये हा प्रश्न हसत हसत येतो, लग्नाच्या बैठकीत जरा गंभीरपणे. हौसेला माझा विरोध नाही. नवी गाडी आवडली आणि पैसे असले, तर पेढे वाटून घ्या. फक्त ‘जुनी परवडत नव्हती’ असं सांगू नका. त्या खोट्या वाक्यापायी विशीतली कितीतरी मुलं पाच वर्षांचा हप्ता गळ्यात बांधून घेतात, आणि मग नोकरी सोडावीशी वाटली तरी सोडता येत नाही.

तेव्हा पुढचं एस्टिमेट हातात आलं, की दोन प्रश्न विचारा. यातलं काय लगेच करायलाच हवं आणि काय थांबू शकतं? एवढं केल्यावर गाडी साधारण किती महिने काढेल? अनेक वर्षं गाड्या उघडणारा मेकॅनिक याचं बऱ्यापैकी खरं उत्तर देतो. त्या महिन्यांना नव्या गाडीच्या महिन्याच्या खर्चाने गुणा आणि मग ठरवा.