चाई पडलेल्या माणसांच्या वतीने सर्व नागरिकांना जाहीर आवाहन



जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. आधी डोक्याला खाज, मग हात फिरवला की केस हातात, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. शंभरांहून अधिक माणसं यात सापडली. पाण्याचे नमुने तपासायला गेले, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं (आयसीएमआर) पथक आलं, पुढे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. पण कारण हाती लागायच्या आधीच 'टक्कल व्हायरस' हे नाव गावोगाव पोचलं होतं. जुळत आलेली लग्नं थांबल्याच्या बातम्या आल्या. पाहुण्यारावळ्यांनी त्या गावांची वाट टाळली.

त्या गावकऱ्यांचा त्रास वेगळा आणि माझा आजार वेगळा. मला चाई आहे. कॉलेजात असताना कानामागे रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा पडला, आणि तेव्हापासून केस येतात, जातात, पुन्हा येतात, पुन्हा जातात. गेली काही वर्षं डोक्यावर केस नाहीत आणि भुवयाही नाहीत. तरी बुलढाण्याच्या बातम्या वाचताना त्या लोकांच्या वाट्याला आलेलं वागणं मला ओळखीचं वाटलं. बाकावर शेजारी बसलेली बाई हळूच सरकते, कंगवा वेगळा ठेवला जातो, कुणाच्या बाळाला घ्यायला हात पुढे केला की बाळाची आई अवघडते. म्हणून हे लिहिते आहे.

पहिली विनंती अशी की, चाई स्पर्शानं, कंगव्यानं, उशीनं, टॉवेलनं कुणाला लागत नाही, हे घरातल्या लहानथोरांना सांगा. डॉक्टर या आजाराला ॲलोपेशिया अरिएटा म्हणतात. जंतूंशी लढण्यासाठी शरीरात ज्या पांढऱ्या पेशी असतात, त्यांतल्याच काही पेशी केसांच्या मुळांना परकं समजून त्यांच्यावर तुटून पडतात. कुंपणानेच शेत खाल्लं, असा हा प्रकार. यात कीड नाही. पत्रिकेतला दोष नाही, कुणाचा शाप नाही, अस्वच्छता नाही. पाश्चात्त्य देशांतल्या अभ्यासांनुसार शंभरातल्या साधारण दोघांना आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. बाई, पुरुष, पोरं, कुणालाही होतो. काहींना जोडीला थायरॉइड किंवा कोड असतं. काहींच्या नखांवर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसतात. ते ज्यांना दिसतात त्यांनी डॉक्टरांना नखंही जरूर दाखवावीत.

आणि एक गोष्ट आशेची आहे. या आजारात केसाचं मूळ मरत नाही, मिटून पडतं. एखाददुसराच चट्टा असेल तर बऱ्याच जणांचे केस वर्षभरात आपोआप परततात. परतताना ते अनेकदा आधी पांढरे येतात, अगदी बारीक लव यावी तसे. ती लव पाहून घाबरू नका, उपटू नका, तिच्यावर कलप थापू नका. रंग बहुधा मागाहून येतो.

हा फक्त दिसण्याचा प्रश्न आहे असं ज्यांना वाटतं, त्यांना थोडं सांगते. भुवया नसल्या की उन्हाळ्यात कपाळावरचा घाम थेट डोळ्यांत उतरतो आणि डोळे चुरचुरतात. पापण्या नसल्या की एसटीत खिडकीशी बसणं नको होतं. नाकातले केस गेले की सर्दी नसताना नाक गळतं, आणि चारचौघांत रुमाल शोधावा लागतो. डोक्याची कातडी मे महिन्यात भाजते आणि डिसेंबरात गारठते. हे सगळं सोसत माणूस कामाला जातो, आणि वाटेत त्याला प्रश्न विचारले जातात. "तिरुपतीला जाऊन आलात का?" "कॅन्सर आहे का हो?" पुरुष असेल तर, "घरात कोण गेलं?" विचारणारे बहुतेक भल्या मनाचे असतात हे मी जाणते. तरीही विनंती आहे की विचारू नका. ओळख असेल तर कसं चाललंय ते विचारा, तेवढं पुरतं.

आता नाभिक बंधूंना आणि पार्लर चालवणाऱ्या भगिनींना मनापासून साद घालते, कारण मानेच्या वरचा पहिला चट्टा पुष्कळदा तुम्हालाच दिसतो. ज्याच्या डोक्यावर तो असतो, त्याला त्याचा पत्ताही नसतो. तो पाहून तुम्ही काय बोलता यावर पुढची वर्षं ठरतात. दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं "अहो, तुम्हाला चाई पडली" म्हणू नका. मान खाली असतानाच हळू आवाजात सांगा आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवा. गिऱ्हाईक परत पाठवू नका, खुर्ची नाकारू नका. १८९० मध्ये मुंबईत कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिक बांधवांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायला नकार दिला होता. बाईच्या बोडक्या डोक्याकडे आपला समाज कसा बघतो, हे तुमच्या आजोबा-पणजोबांना इतर कुणाहूनही आधी कळलं होतं. त्या वारशाला साजेसं काम आज तुमच्या हातून व्हावं, असं मला फार वाटतं.

घरातल्या वडीलधाऱ्यांना विनंती आहे ती औषधांबद्दल. चट्ट्यावर लसूण घासणं, कांदा घासणं, गुंज उगाळून लावणं, बिब्बा लावणं हे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे. बिब्ब्यानं कातडी भाजते, फोड येतात आणि व्रण राहिला तर मिटून पडलेलं मूळही कायमचं जातं. म्हणजे जे परत येणार होतं तेही येत नाही. लहान मुलाच्या डोक्यावर तर हे प्रयोग मुळीच करू नका. लहान मुलांत डोक्यावरचा गजकर्णही असाच चट्टा पाडतो. त्यात खपल्या धरतात, खाज सुटते आणि तो मात्र एकाचा दुसऱ्याला लागतो. त्याला बुरशीवरचं औषध लागतं आणि चाईला वेगळं लागतं. डॉक्टर भिंगातून बघतात, मुळाशी बारीक आणि टोकाला जाड असे तुटके केस शोधतात, आणि मग ठरवतात. हे आपल्याला घरबसल्या ओळखता येत नाही.

उपचारांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण सध्या सर्वांत जास्त गोंधळ तिथे आहे.

चट्टे थोडे असतील तर त्यांत स्टेरॉइडची बारीक सुईनं इंजेक्शनं देतात, साधारण चार ते सहा आठवड्यांनी एकदा. दुखतं. कधी त्या जागी कातडीला खळगा पडतो, पण तो बहुधा भरून येतो. लहान मुलांना मलमावर ठेवतात. काही ठिकाणी डोक्यावर मुद्दाम सौम्य ॲलर्जी उठवणारं द्रव लावतात, जेणेकरून पेशींचा रोख मुळांवरून हटावा. ज्यांच्या डोक्यावरचे सगळे केस गेले, त्यांना या गोष्टींचा बऱ्याचदा पुरेसा गुण येत नव्हता. मलाही आला नाही. डॉक्टर हात टेकत आणि आम्ही विगची दुकानं शोधत असू.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत चित्र बदललं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या अँजेला क्रिस्टियानो यांना स्वतःला चाई पडली होती. त्यांच्या गटानं २०१० मध्ये या आजाराशी निगडित जनुकांचा शोध प्रसिद्ध केला आणि २०१४ मध्ये जेएके इन्हिबिटर जातीच्या औषधांनी केस परत येऊ शकतात हे दाखवलं. पांढऱ्या पेशींना हल्ल्याचा निरोप ज्या वाटेनं जातो, ती वाट ही औषधं अडवतात. त्याच वर्षी येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलं की, अंगावर एकही केस न उरलेल्या एका तरुणाला सोरायसिससाठी टोफासिटिनिब दिलं आणि आठ महिन्यांत त्याच्या डोक्यावर पुरते केस आले. त्यानंतर अमेरिकेत चाईसाठी जून २०२२ मध्ये प्रौढांसाठी बॅरिसिटिनिबला, जून २०२३ मध्ये बारा वर्षं आणि त्यापुढच्यांसाठी रिटलेसिटिनिबला आणि जुलै २०२४ मध्ये प्रौढांसाठी ड्युरुक्सोलिटिनिबला मान्यता मिळाली. यांतलं बॅरिसिटिनिब आपल्याकडे कोविडच्या दुसऱ्या लाटेत अनेकांच्या कानावर पडलं. टोफासिटिनिबच्या भारतीय कंपन्यांच्या गोळ्याही औषधांच्या दुकानांत मिळतात.

माझी कळकळ इथेच आहे. एकाला गुण आला की त्याचं प्रिस्क्रिप्शन फोटो काढून व्हॉट्सॲपवर फिरतं, आणि दुसऱ्या गावातली मुलगी तीच गोळी काउंटरवरून विकत घेऊन सुरू करते. कृपा करून असं करू नका. ही औषधं शरीराची प्रतिकारशक्ती दाबतात. आपल्या देशात टीबीचे जंतू कित्येकांच्या अंगात गप्प पडून असतात. ही गोळी सुरू झाली की ते उठू शकतात. म्हणून आधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची चाचणी, हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी, रक्तपेशी, यकृत आणि रक्तातली चरबी यांची तपासणी होते. गर्भारपण असेल किंवा मूल हवं असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावं लागतं. गोळी चालू असताना नागीण उठू शकते. गंभीर संसर्ग, रक्ताच्या गुठळ्या, हृदयविकार आणि कर्करोग यांबद्दलचा ठळक इशारा या औषधांच्या माहितीपत्रकात छापलेला असतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी आणि वयस्कांनी तर अधिकच जपायला हवं. हे वाचून उपचार टाळावा असं माझं म्हणणं नाही. मी स्वतः तपासण्या करून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ही गोळी घेते आहे, आणि डाव्या भुवईच्या जागी काळे केस बोटाला लागू लागले आहेत. पण दर काही महिन्यांनी रक्त द्यायला प्रयोगशाळेत जावं लागतं, आणि ते मी कधीही चुकवत नाही.

अपेक्षाही नीट ठेवा. बॅरिसिटिनिबच्या ज्या दोन मोठ्या चाचण्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झाल्या, त्यांत डोक्यावरचे निम्म्याहून अधिक केस गेलेले १२०० रुग्ण होते. मोठा डोस घेणाऱ्यांपैकी ३६ आठवड्यांनी ३६ ते ३९ टक्के लोकांच्या डोक्याचा ऐंशी टक्के किंवा त्याहून अधिक भाग केसांनी भरला. औषध नसलेली गोळी दिलेल्यांत हे प्रमाण ३ ते ६ टक्के होतं. फरक मोठा आहे. तरीही त्या मुदतीत दहातल्या सहांना तेवढा गुण आला नाही, आणि गोळी बंद केली की पुष्कळांचे केस पुन्हा जातात. आरोग्यविमा अशा रुग्णालयात दाखल न होता घ्यायच्या औषधांना सहसा लागू होत नाही. महिनोन्महिने खर्च पेलणार का, याचा हिशेब कर्ज काढण्याआधी घरात बसून मांडा. "शंभर टक्के केस, एका महिन्यात" अशी जाहिरात करणाऱ्यांच्या पायरीवर पाऊल ठेवू नका.

ज्यांना उपचार नको आहेत, त्यांनाही सुखानं जगू द्या. चट्ट्यांत सुई टोचून घ्यायला नकार देणारी बाई हट्टी नसते. तिनं विचार केलेला असतो. तिला दर भेटीत नवा वैद्य सुचवू नका.

मुख्याध्यापकांना सांगणं आहे की, चाई पडलेल्या मुलाला वर्गात टोपी किंवा मुलीला स्कार्फ घालू द्या, गणवेशाच्या नियमावर अडून बसू नका. त्यांना वर्गासमोर उभं करून आजार समजावून सांगू नका. आधी त्यांना आणि त्यांच्या आईवडिलांना विचारा. दहावी-बारावीच्या केंद्रांवरच्या पर्यवेक्षकांनो, हॉल तिकिटावरच्या फोटोत दोन वेण्या असतील आणि समोर बिनकेसांची मुलगी उभी असेल, तर ती तीच मुलगी आहे. पेपर सुरू व्हायच्या आधी तिला दाराशी खोळंबवून रडवू नका. शाळेनं केंद्राला आधीच एक पत्र दिलं तर ही वेळच येणार नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ताटात गजरे असतात. आमच्यापर्यंत आल्यावर यजमानीणबाईंचा हात थबकतो, आणि मग त्या नुसतं तिळगूळ आणि वाण देऊन पुढे सरकतात. त्यांना आम्हाला दुखवायचं नसतं. पण वगळलं गेल्याचंच दुखतं. गजरा द्या. मी तो मनगटाला बांधते, काही जणी पर्सला बांधतात.

लग्नाच्या बाबतीत दोन्ही घरांना विनंती आहे. चाई असेल तर पहिल्याच बैठकीत सांगावं, विग चढवून फोटो पाठवू नयेत. आणि ऐकणाऱ्यांनी "पुढच्या पिढीला येईल का" हा प्रश्न शेजारणीला विचारण्याऐवजी डॉक्टरांना विचारावा. घरात कुणाला असेल तर शक्यता थोडी वाढते, पण बहुसंख्य मुलांना हा आजार होत नाही.

त्वचारोगतज्ज्ञांना हात जोडून मागणं आहे. जेएके जातीची गोळी लिहून देताना तिचे धोके, तपासण्यांचं वेळापत्रक आणि कोणतं लक्षण दिसलं की गोळी थांबवून लगेच यायचं, हे मराठीत छापलेलं एक पान रुग्णाच्या हातात द्या. खेड्यातून आलेला माणूस तुमच्यासमोर मान डोलावतो आणि बाहेर येऊन मेडिकलवाल्याला विचारतो. राज्याच्या आरोग्य खात्याकडे मागणी आहे की, जिल्हा रुग्णालयांत टीबीची चाचणी, एक्स-रे आणि रक्ततपासणी या गोळीसाठी एकाच दिवशी, एकाच खिडकीवर करून मिळावी. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या रुग्णाला प्रत्येक कागदासाठी वेगळी रोजी बुडवायला लावू नये. आणि ज्यांच्या घरी कुणाला नुकताच पहिला चट्टा दिसला आहे, त्यांनी याच आठवड्यात जवळच्या सरकारी रुग्णालयातल्या त्वचा विभागाचा वार विचारून घ्यावा.