पान्हा, पंप आणि कामाचे तास



दरवर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जागतिक स्तनपान सप्ताह साजरा होतो. दवाखान्यांत आणि अंगणवाड्यांत भित्तिपत्रकं लागतात. चित्रातली आई पदराआड बाळ घेऊन शांत बसलेली असते. तिला सकाळची लोकल पकडायची नसते, बाळ कायम मांडीवर असतं. आपल्यातल्या कितीतरी जणींचं बाळ मात्र दिवसाचे दहा तास त्यांच्यापासून लांब असतं. छाती भरून येते, पाजायला बाळ नसतं. मग दूध हाताने नाहीतर पंपाने काढायचं. ते कुठे काढायचं, कधी काढायचं आणि ठेवायचं कशात, याबद्दल त्या भित्तिपत्रकांवर एक ओळही नसते.

कायदा काय म्हणतो? १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन मुलांसाठी भरपगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांची झाली. ही मोठी गोष्ट होती, तिला कमी लेखायचं कारण नाही. पण सव्वीस आठवडे म्हणजे १८२ दिवस. नवव्या महिन्यात बसचे धक्के नकोत म्हणून जी महिनाभर आधी रजा घेते, ती कामावर परतते तेव्हा बाळ जेमतेम पाच महिन्यांचं असतं. डॉक्टर सांगतात, सहा महिने फक्त अंगावरचं दूध, आणि पुढे वरच्या अन्नासोबत दोन वर्षं किंवा जास्तही. पुढच्या काळासाठी कायद्यात दोन गोष्टी आहेत. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्यासाठी वेळ द्यायचा, आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर ठेवून आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायचं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही याच तरतुदी आल्या.

कायदा करणाऱ्यांनी बाळ जवळच आहे असं धरलेलं आहे. पाळणाघर नसेल तर ‘पाजण्यासाठी वेळ’ या शब्दांना काय अर्थ उरतो? बाळ कल्याणला आणि आई फोर्टात. साहेब म्हणतात, “बाळ तर इथे नाही, मग सुट्टी कशाला?”

ही सुट्टी मागणं म्हणजे लाड नव्हेत. दूध जेवढं काढलं जातं तेवढं तयार होतं. छाती भरलेलीच राहिली की शरीर उत्पादन कमी करतं आणि दूध आटू लागतं. वेळ चुकत गेली की गाठी होतात, ठणका लागतो, कधी कधी थंडी वाजून ताप भरतो. शिवाय पान्हा हुकमी नसतो. जनावरं राखणाऱ्या बायांना हे पक्कं ठाऊक असतं. घाई केली, परका हात लागला, की गाय पान्हा चोरते. बाईच्या बाबतीत तर दारावरची एक थाप पुरते.

माझी मुलगी सहा महिन्यांची असताना मी एका कार्यालयात समुपदेशनाचं काम करत होते, बायांना त्यांचे हक्क समजावून सांगण्याचं! दूध काढायला आधी मला स्वच्छतागृह दाखवलं गेलं. मुलीचं जेवण तिथे तयार करणार नाही म्हटल्यावर जुन्या नोंदवह्यांची खोली मिळाली. तिला आतून कडी नव्हती. एका हाताने पंप धरायचा, पाठीने दार. बाहेर शिपाई विचारायचा, “मॅडम, आत काय चाललंय?” अर्ध्या तासाने बाटलीत चाळीस मिलिलिटर. काढलेलं दूध २५ अंशांच्या आत चारेक तास टिकतं, फ्रीजमध्ये चार दिवस. मे महिन्यात दुपारच्या गृहभेटींना निघालं की पिशवीतला बर्फ दोन तासांत पाणी. किती वेळा ते दूध मोरीत ओतलं! एकदा कार्यालयातल्या फ्रीजमध्ये बाटली ठेवली, तर कुणीतरी ती बाहेर काढून ठेवली. डब्यांशेजारी ‘तसलं’ नको म्हणे. चहासाठीचं म्हशीचं दूध त्याच कप्प्यात होतं.

घरी सासूबाई म्हणायच्या, “अगं, ते शिळं दूध कशाला पाजतेस? त्यापेक्षा डबा आण.” त्यांना तरी कुणी समजावून सांगितलं होतं? डब्याच्या दुधाच्या जाहिरातीवर १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. पण आपलं कामाचं वेळापत्रकच घराघरात त्या डब्याची शिफारस करत असतं.

पंपाबद्दल आमच्या गटात मतभेद आहेत. काही जणी म्हणतात, पंप मालकाच्या सोयीचा. पाळणाघराचा खर्च वाचतो आणि बाई बाळाला घरी ठेवून वेळेवर हजर होते. मला हे निम्मं पटतं. पहिली मागणी पाळणाघराचीच हवी. पण ते मिळेपर्यंत आजच्या आईची छाती थांबत नाही. आणि धुणीभांडी करणारी, बिगारी काम करणारी, ऊसतोडीला जाणारी बाई? तिच्याकडे पंप नाही, कामाच्या जागी फ्रीज नाही, रजाही नाही. ठणका असह्य झाला की ती आडोशाला जाऊन दूध पिळून टाकते. हाताने दूध काढायची रीत बिनखर्चाची आहे. ती बाळंतिणीला घरी सोडण्याआधी प्रत्येक प्रसूतिगृहात शिकवली गेली पाहिजे.

या दुधाची किंमत वैद्यकशास्त्राला माहीत आहे. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्धपेढी सुरू केली. आशियातली ती पहिली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी तिथे एकेक मिलिलिटर जपला जातो.

आपल्याकडे एस.टी. स्थानकांवर हिरकणी कक्ष आहेत. नाव छान आहे. पण हिरकणीची गोष्ट सांगताना आपण तिने उतरलेल्या कड्याचंच कौतुक करतो. ती रायगडावर दूध विकायला गेलेली कष्टकरी बाई होती, आणि तिच्या कामाच्या जागेचा दरवाजा तिच्या बाळाच्या भुकेचा विचार न करता बंद झाला होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सार्वजनिक ठिकाणी आणि कामाच्या जागी अंगावर पाजण्याकडे कलंक म्हणून पाहू नये. मग ज्या कार्यालयात बाई रोज आठ तास बसते तिथे एक खोली का असू नये? आतून कडी, बसायला खुर्ची, विजेचा प्लग, हात धुवायला पाणी आणि फ्रीजमध्ये एक कप्पा. वेळ हजेरीपत्रकात लिहिलेली, कुणाच्या मेहेरबानीवर नव्हे. आणि हे कंत्राटी व मानधनावरच्या बायांनाही.

तुमच्या कार्यालयात, शाळेत, कारखान्यात अशी जागा आहे का? पाळणाघर आहे का? नसेल तर लेखी मागणी केल्यावर काय उत्तर मिळालं? पत्राने कळवा. नाव छापायचं नसेल तर तसं लिहा. पुढच्या अंकात ही पत्रं छापू आणि अर्जाचा एक नमुनाही देऊ.