बॉम्बे हाऊसचा पाया मुळशीत आहे

फोर्टात होमी मोदी स्ट्रीटवर बॉम्बे हाऊस उभं आहे. टाटांचं मुख्यालय. १९२४ साली बांधून झालं. चार मजले, मालाडचा दगड, ग्रीक-रोमन धाटणीचा भारदस्त चेहरा. आर्किटेक्ट जॉर्ज विटेट. गेटवे ऑफ इंडिया ज्याने काढला तोच. इमारतीचं कौतुक करणारे इथवर सांगतात आणि थांबतात.

पुढचं आपण सांगू.

त्याच १९२४ सालात मुळशीचा सत्याग्रह संपला. नीला-मुळेच्या संगमावर टाटांच्या वीज कंपनीला धरण हवं होतं. सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा लावला. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. सेनापती बापट, भुस्कुटे तुरुंगात गेले. पुण्याच्या सावकारांनी मात्र मोबदल्याचा हिशेब मांडला. कागदावर जमीन त्यांची, राबणारा मावळा कूळ. शेवटी शिवारात पाणी भरलं.

आता सांगा दोस्तहो, ज्याच्या नावावर ढेकूळसुद्धा नव्हतं त्याचं काय? कायदा कागद ओळखतो, घाम नाही. गाव उठलं की महारवाडा उठला, बलुतं गेलं, हक्काची भाकर गेली. त्याची किंमत कुठल्या रकान्यात भरणार?

मुळशीचं पाणी डोंगराखाली भिऱ्याला उतरवलं. १९२७ पासून तिथली वीज मुंबईला आली, गिरण्यांना मिळाली. आणि गिरणीत काय? साचाखात्यात आमच्या माणसाला मज्जाव! कांडीचा धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून विटाळ. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल युनियनवाल्यांपुढे टाकला. म्हणजे बघा, विजेसाठी गाव बुडवायचं, आणि त्या विजेवर फिरणारा माग आमच्या हाताला बंद.

कुणी म्हणेल, वीज नको होती का? हवी होती. पण बिल कुणी भरलं तेही लिहा ना!

२०१८ साली बॉम्बे हाऊसची डागडुजी झाली. भटक्या कुत्र्यांसाठी आत खास खोली केली. चांगलं केलं. मुक्या जनावराशी आपलं भांडण नाही. मग बुडालेल्या गावांनाही जागा द्या. त्या मालाडच्या दगडावर एकेका गावाचं नाव कोरा, महारवाड्यासकट. विटेटचं नाव लोकांना माहीत आहे. आमच्या आज्या-पणज्यांचीही नावं कळू देत.

दगड पुष्कळ आहे. भिंत मोठी आहे. नावं मावतील.