झोळीला घरची जाळी

मे महिना सरता सरता, मृगाच्या सरी कोसळण्यापूर्वीच्या थोडक्या दिवसांत, भंडारदऱ्याच्या परिसरातील हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ हे वृक्ष काजव्यांनी लखलखू लागले म्हणजे मुंबई-पुण्याकडील मंडळींची तिकडे रीघ लागते, आणि त्यांपैकी जे तरुण तंबूचा जामानिमा टाळून दोन झाडांमध्ये झोळी टांगून निजण्याचा बेत करतात त्यांच्या रसिकतेविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु हीच मंडळी त्या झोळीखाली कॉइल पेटवून ठेवतात, झाडाच्या बुंध्याभोवती फवारा मारतात, आणि एका कीटकाच्या दर्शनासाठी चार-पाच तासांचा प्रवास करून आलेला मनुष्य दुसऱ्या कीटकाच्या भयाने सरसकट साऱ्यांवरच विषप्रयोग करीत असतो, ही विसंगती कोणाच्या ध्यानीही येत नाही. कॉइलमधील व फवाऱ्यातील पायरेथ्रॉइड वर्गाची द्रव्ये डास कोणता आणि काजवा कोणता, याची चौकशी करीत नाहीत.

डासांचे भय खोटे आहे, असे मी म्हणणार नाही. १८९७ साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या जठरात हिवतापाचे परजीवी शोधून काढले, तेव्हापासून या प्राण्याला क्षुल्लक लेखण्याची सोय उरलेली नाही. शिवाय सह्याद्रीच्या पायथ्याशी हिवताप पसरविणाऱ्या डासांपैकी एक जात संथ वाहत्या ओढ्यांतच वाढते, आणि झोळीवाल्यांना जागा हवी असते तीही नेमकी ओढ्याकाठची. तेव्हा बंदोबस्त हवाच. माझे म्हणणे इतकेच की तो निजणाऱ्याने स्वतःभोवती करावा, अवघ्या रानावर अंमल बसवू नये. आणि त्यासाठी लागणारी जाळी बाजारातून तयार न आणता घरीच शिवावी.

घरातली चौकोनी मच्छरदाणी झोळीवर पांघरली की काम झाले, अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे. खाटेवर निजणाऱ्याच्या पाठीचे रक्षण गादी करते. झोळीत पाठीखाली पातळ नायलॉनचा एकच पदर असतो, तोही अंगाच्या भाराने ताणून कातडीला चिकटलेला, आणि डासाची सोंड त्यातून विनासायास आरपार जाते. म्हणून झोळीची जाळी ही वरून टाकलेली चादर नसून सर्व बाजूंनी वेढणारी लांबट पिशवी असावी लागते, आणि तिचा तळ पाठीपासून निदान वीतभर खाली लोंबत राहावा लागतो.

मापाची तजवीज आधी करावी. झोळीच्या दोन टोकांना जोडणारी एक न ताणणारी दोरी वरून बांधावी; हे या घराचे आढे. झोळी १० फुटांची असेल तर आढ्याची दोरी सुमारे सव्वाआठ फूट ठेवावी, म्हणजे झाडे जवळ असोत वा दूर, झोळीचा झोल दर वेळी सारखाच राहतो आणि एकदा बेतलेली जाळी नेहमी बसते. मग कोणाला तरी झोळीत निजवून आढ्यावरून पाठीखालपर्यंत सुतळी फिरवावी आणि तिच्या लांबीत वर सांगितलेली वीत सढळपणे मिळवून कापडाचा घेर ठरवावा. एका पन्ह्यात तो घेर मावला नाही, तर दोन पन्हे लांबीच्या बाजूने जोडावेत.

मच्छरदाणीच्या कापडास साधारणपणे चौरस इंचाला १५६ छिद्रे असतात. त्यातून डास येत नाही, परंतु वाळूमाशी आणि बारीक चिलटे येतात. त्यांच्यासाठी अधिक दाट वीण घ्यावी, तर मे महिन्याच्या उकाड्यात वाऱ्याची झुळूकही अडते. मी विरळ वीण पत्करीन; झोप मोडणारा उकाडा हाही एक उपद्रवच आहे.

शिवणाऱ्याची परीक्षा मात्र यंत्रावर होते. जाळीचे कापड निसरडे असते, दाब्याखालून सरकते, दात त्याला ओढून गोळा करतात. अशा वेळी जाळीखाली जुन्या वर्तमानपत्राची पट्टी धरून कागदासकट टीप मारावी आणि मागाहून कागद हलक्या हाताने फाडून काढावा. प्रस्तुत लेखाचाही तसा उपयोग करण्यास माझी हरकत नाही. दोन्ही टोकांना परकराला असतो तसा नेफा घालून त्यांत नाडी ओवावी, आणि झोळी जेथे आवळून दोराला मिळते तेथे ती घट्ट आवळावी, अन्यथा दोरावरून मुंग्यांची वहिवाट सुरू होते. चेन लावण्याच्या खटाटोपात पडू नये. तळाच्या शिवणीत मधोमध हातभर-दोन हात उघडी जागा सोडून तिलाही नेफा-नाडी करावी. खालून शिरावे, झोळीत बसावे, पाय आत घ्यावे आणि नाडी ओढावी.

जाळी म्हणजे सर्व व्याधींवर उतारा नव्हे. दोडामार्ग आणि सत्तरीच्या पट्ट्यात आढळणारा माकडताप गोचिडींमुळे होतो, आणि पालापाचोळ्यातून चालताना कपड्यांवर चढलेली गोचीड झोळीवाल्याबरोबर जाळीच्या आत सुखाने निजते. तेव्हा आत शिरण्यापूर्वी अंग व कपडे तपासणे आलेच.

राहता राहिला प्रश्न ज्यांना शिवता येत नाही अथवा शिवण्यास सवड नाही त्यांचा, आणि ते बहुसंख्य आहेत, हे मान्य. काजव्यांच्या हंगामात पर्यटकांना उतरवून घेणाऱ्या गावांतून महिला बचत गट आहेत, शिलाई यंत्रेही आहेत. हंगामापूर्वी गावाने अशा जाळ्या शिवून घ्याव्यात, झोळीमागे एक या हिशेबाने भाड्याने द्याव्यात, आणि जो पाहुणा कॉइल वा फवारा बाहेर काढील त्याच्याकडून तो गावाच्या वेशीवरच ठेवून घेऊन निघताना परत करावा. भाड्याचे उत्पन्न शिवणाऱ्या बायांच्या खाती जमा व्हावे, उतारा देणाऱ्या दलालाच्या नव्हे.