खाचेत बसलं म्हणजे जमलं असं नाही



कुकरची रिंग आणायला गेलं की आपण नुसतं ‘एक रिंग द्या’ असं सांगत नाही. कुकर कोणत्या कंपनीचा, किती लिटरचा, झाकण आतून बसतं की बाहेरून, सगळं सांगतो. घरच्या राऊटरसाठी वायरलेस कार्ड घेताना मात्र ही काळजी राहून जाते. कार्ड खाचेत बसतं, दिवा लागतो, पण मोबाईलवर घरच्या वायफायचं नाव काही उमटत नाही. पैसे तर गेलेलेच असतात!

तुम्ही म्हणाल, तयार राऊटर मिळत असताना हा खटाटोप कशाला? ज्यांचं त्यात भागतं त्यांनी तेच घ्यावं. पण काही घरांत मुलं किंवा यजमान पीसी इंजिन्सच्या एपीयू२ सारखा छोटा बोर्ड आणून त्यावर ओपनडब्ल्यूआरटी ही मोफत प्रणाली घालतात. वीज कमी लागते, हा त्यातला मोठा फायदा. १० वॅटचा बोर्ड रात्रंदिवस चालला, तर महिन्याला सात युनिटांच्या आसपास जळतात. ६० वॅटचा जुना कॉम्प्युटर त्याच कामाला लावला तर ४३! अशा बोर्डासाठी कार्ड घेण्यापूर्वी एवढं पाहून घ्या :

१. खाच कोणती? मिनी पीसीआय एक्सप्रेस आणि एम.२ या दोन वेगळ्या जाती. एपीयू२ वर पहिल्या जातीची खाच असते. दिसायला तशीच आणखी एक खाच तिथे असते, ती मात्र एमसाटा डिस्कसाठी. बोर्डाची माहितीपुस्तिका वाचूनच ठरवा.

२. कार्ड देणारं की घेणारं? लॅपटॉपचं कार्ड वायफाय घेतं. राऊटरच्या कार्डाला ते घरभर द्यावं लागतं. याला ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ म्हणतात. इंटेलची कार्डं लॅपटॉपमध्ये उत्तम. पण लिनक्सवर ५ गिगाहर्ट्झचं वायफाय त्यांच्याकडून सहसा देता येत नाही. तेव्हा जुन्या लॅपटॉपमधलं कार्ड काढून भागवू, हा बेत बहुधा फसतो.

३. आकडा नीट वाचा. बोर्ड एम.२ खाचेचा असेल तर हे फार महत्त्वाचं. इंटेलचं एएक्स२०० आणि एएक्स२०१ शेजारी ठेवलं तर जुळी बहिणी वाटतील. पण एएक्स२०१ ठरावीक इंटेल प्रोसेसरांबरोबरच चालतं. दुसऱ्या बोर्डात ते नुसतं बसून राहतं.

४. प्रणालीशी ओळख आहे का? लिनक्सवर राऊटरच्या कामाला अथेरॉसच्या आणि मीडियाटेकच्या अनेक चिप चांगल्या चालतात. एपीयू२ मध्ये एआर९२८० चिपचं डब्ल्यूएलई२००एनएक्स हे जुनं, भरवशाचं कार्ड. थोडा जास्त वेग हवा असेल तर क्यूसीए९८८२ चिपचं डब्ल्यूएलई६००व्हीएक्स. मात्र ही दोन्ही कार्डं एका वेळी २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झ, यांपैकी एकच पट्टा चालवतात. २.४ भिंतीपलीकडे बरं पोचतं, ५ वेगवान पण भिंतींना दबतं. दोन्ही हवे असतील तर दोन कार्डं घ्यावी लागतात.

५. अँटेना आणि उष्णता. मिनी कार्डावरची अँटेनाची बटणं सहसा यू.एफएल मापाची, तर एम.२ वरची त्याहून लहान असतात. वायरी त्याच मापाच्या घ्या, आणि कार्डावर दोन बटणं असतील तर दोन्हींना अँटेना लावा. फार जोरकस कार्ड जास्त वीज खातं आणि पंखा नसलेल्या डबीत तापतं. दोन-तीन खोल्यांच्या घराला साधं कार्ड पुरे होतं.

एपीयू२ बोर्ड आता बहुधा वापरलेलेच हाती येतात, कारण नवे बोर्ड आखणार नसल्याचं कंपनीने २०२३ साली जाहीर केलं. म्हणून बोर्ड आणि कार्ड वेगवेगळ्या दुकानांतून घेत असाल, तर ‘न जुळल्यास परत’ हे बिलावर लिहून घ्यायला विसरू नका.

आणि हो, ‘हे यांचं खातं’ म्हणून कागद बाजूला सारू नका. पैसे आपल्याच घरखर्चातून जातात आणि वायफाय बंद पडलं की मुलांचा अभ्यास आपल्याच डोळ्यांदेखत अडतो. वरचे पाच प्रश्न चिठ्ठीवर उतरवा आणि दुकानात एकेक करून विचारा. उत्तर मिळेपर्यंत पर्स उघडायची नाही, बरं का!