विमानाची टाकी आणि आपले इथेनॉल



उसापासून झालेले इथेनॉल पेट्रोलमध्ये जाते, त्यात आपला फायदा आहे. देशात २०२२ साली १० टक्के आणि २०२५ साली २० टक्के मिश्रणापर्यंत मजल गेली. त्यामुळे लहान विमानांच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल नको, असे कुणी म्हटले की काही सभासदांना तो आपल्या मालावर ठपका वाटतो. मला तसे वाटत नाही.

अमेरिकेत १९८२ पासून काही लहान विमानांना रीतसर मंजुरीने मोटारीचे पेट्रोल वापरता येते, पण त्यात अल्कोहोल चालत नाही. जुन्या इंधनव्यवस्थेतील रबरी भाग त्याने खराब होतात. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेते. उंचावर थंडी वाढली की ते पाणी अल्कोहोलसकट तळाशी बसते आणि तेच इंजिनाकडे जाते. मोटरसायकल बंद पडली तर रस्त्याच्या कडेला लावता येते. आकाशात कुठली आली कड?

पाण्याची तपासणी सोपी आहे. उड्डाणाआधी टाकीच्या तळाचे थोडे पेट्रोल पारदर्शक पेल्यात काढतात. पाणी जड, ते खाली बसते आणि मध्ये रेघ दिसते. पेल्यात नुसतेच पाणी आले तर रेघ दिसणार नाही, म्हणून रंग आणि वासही बघायचा.

अल्कोहोल मात्र पेट्रोलात मिसळून जाते, डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी काचेच्या नळीत थोडे पाणी घेऊन पातळीवर खूण करायची, वरून पेट्रोल ओतून हलवायचे आणि नळी स्थिर ठेवायची. अल्कोहोल पाण्यात उतरते. पाण्याची पातळी खुणेच्या वर चढली, की ते पेट्रोल अशा विमानात भरायचे नाही.

पण म्हणून इथेनॉल वाईट ठरत नाही. ब्राझीलमध्ये इपानेमा या फवारणीच्या विमानाला २००४ साली इथेनॉलवर उडण्याची मंजुरी मिळाली. तिथलेही बहुतेक इथेनॉल उसाचेच! त्या विमानाचे इंजिन त्यासाठी तयार केलेले आहे, एवढाच फरक.

माझे मत स्पष्ट आहे. इथेनॉल कुठे चालते आणि कुठे नाही, हे आपण उत्पादकांनीच आधी सांगावे. काटा चोख हवा म्हणून भांडणारे आपण. गिऱ्हाइकाने आपला माल तपासला तर नाक मुरडणे आपल्याला शोभत नाही. लपवाछपवीने एखादा अपघात झाला तर बदनामी उसाचीच होईल.

आणि हो, पावसाळ्यात आपल्या मोटरसायकलच्या टाकीचे झाकण घट्ट बसते का, तेही जरा बघून घ्या.

— ऊसविकास अधिकारी